चढाचा घाम आणि उताराचा वारा

१९४० च्या दशकाच्या अखेरीस टूर द फ्रान्समध्ये एका तरुण फ्रेंच सायकलपटूला आघाडीची पिवळी जर्सी मिळाली आणि त्याने ती अंगात घालायला नकार दिला. सोफिल नावाची कृत्रिम धागा तयार करणारी कंपनी तेव्हा शर्यतीची नवी पुरस्कर्ती झाली होती आणि पिवळ्या जर्सीच्या विणीत लोकरीबरोबर तिचा धागाही मिसळलेला होता. लुईसाँ बोबे या सायकलपटूचे म्हणणे असे होते की, दिवसभर ऊन, धूळ आणि घाम यांत राहणाऱ्या माणसाच्या कातडीला शुद्ध लोकरच हवी; कृत्रिम धाग्याने घाम अधिक येतो आणि ते आरोग्याला बरे नाही. शर्यतीचे संचालक जॅक गोदे यांनी त्या रात्रीचा बराच वेळ त्याची समजूत घालण्यात घालवला. बोबे अत्यंत नम्रपणे बोलत राहिला आणि तसूभरही हलला नाही. अखेर कंपनीलाच रातोरात दुसरी जर्सी करून द्यावी लागली. तिच्यावर नाव कंपनीचेच होते, धागा मात्र निव्वळ लोकरीचा होता. पुढे १९५३, १९५४ आणि १९५५ अशी लागोपाठ तीन वर्षे टूर जिंकणारा बोबे हा पहिला सायकलपटू ठरला.

हा प्रसंग सहसा बोबेच्या काटेकोर स्वभावाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात स्वभावापेक्षा अनुभव अधिक दिसतो. रोज दीडदोनशे किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या कातडीविषयी जे कळते, ते त्याने सांगितले होते. आणि गेल्या काही दशकांत लोकरीच्या तंतूचा जो सूक्ष्म अभ्यास झाला, त्याने त्याच्या म्हणण्यातला गाभा खरा ठरवला आहे. तरीही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लोकर शर्यतीतून जवळजवळ नाहीशी झाली. ती का गेली आणि आता पुन्हा का आली, याविषयी मला जे वाटते ते जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण घाटरस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही तिचा मोठा उपयोग आहे आणि 'लोकर म्हणजे थंडी, आणि थंडी आपल्याकडे असते कुठे' या समजापायी तो बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

मेरिनो ही मूळची स्पेनमध्ये नावारूपाला आलेली मेंढी. तिच्या बारीक लोकरीवर स्पेनचा मोठा व्यापार चालत असे आणि ही मेंढी देशाबाहेर जाऊ नये म्हणून अठराव्या शतकापर्यंत कडक बंदी होती. १७८६ मध्ये फ्रान्सच्या राजाने पॅरिसजवळ रांबुये येथे मेरिनोचा कळप आणवला. त्याच शतकाच्या शेवटी ती ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि तिथून तिचे खरे साम्राज्य सुरू झाले. सायकलच्या कपड्यांना लागणारी लोकर आज मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या डोंगराळ कुरणांतून येते. त्या कुरणांत उन्हाळ्यात चांगले ऊन असते आणि हिवाळ्यात बर्फ पडते. दोन्ही ऋतूंत एकाच कातडीवर निभावून नेणारा प्राणी तो.

या लोकरीचे पहिले वैशिष्ट्य तिची जाडी. माणसाचा केस साधारण पन्नास ते ऐंशी मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. अंगालगत घालायच्या मेरिनो कपड्यांतला तंतू सतरा ते एकोणीस मायक्रॉनच्या आसपास असतो. लोकर टोचते ती तंतूच्या टोकांमुळे. तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक कातडीवर टेकले की वाकत नाही, ते रुतते, आणि त्या दाबाने कातडीतले मज्जातंतू चाळवले जातात. बारीक तंतू मात्र स्पर्श होताच वाकतो. टोचणे हा लोकरीचा गुणधर्म नसून जाडीचा प्रश्न आहे. लहानपणी शाळेच्या स्वेटरने मानेला आलेली खाज आठवून जे लोकरीचे नावच काढत नाहीत, त्यांनी एकदा पातळ मेरिनोचा कपडा मानेला लावून पाहावा.

दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. लोकरीचा तंतू बाहेरून पाणी झटकतो आणि आतून बाष्प पितो. त्याच्या पृष्ठभागावर खवले असतात व त्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे थेंब लगेच भिनत नाही. आतल्या प्रथिनाला मात्र ओलाव्याची ओढ असते, त्यामुळे घामाची वाफ तंतूच्या अंतर्भागात शिरते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतका ओलावा लोकर अशा रीतीने सामावून घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टरचा तंतू एक टक्कादेखील ओलावा आत घेत नाही. घाम त्याच्या पृष्ठभागावरून पसरतो आणि तिथूनच वाऱ्याने उडतो. शिवाय कोरडी लोकर ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. हवा अचानक दमट किंवा गार झाली, तर तो बदल अंगाला एकदम न जाणवता हळूहळू जाणवतो तो यामुळे.

आता हे सारे रस्त्यावर आणून पाहावे. डिसेंबरच्या पहाटे वाईहून पसरणीचा घाट चढायला घेतला की पहिल्या दोन वळणांतच अंग तापते, जर्सीची चेन खाली ओढावी लागते आणि पाचगणीला टेकेपर्यंत पाठ घामाने भिजलेली असते. चढताना वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, म्हणजे वारा नावालाच. चहा पिऊन त्याच रस्त्याने खाली यायला निघालो की तोच वेग चाळीसवर जातो, पाय थांबलेले असतात, शरीरात उष्णता तयार होत नाही आणि कृष्णेच्या खोऱ्यातले धुके समोरून अंगावर येते. पॉलिएस्टरच्या जर्सीची 'लगेच सुकते' म्हणून जी ख्याती आहे, ती इथे आपल्या विरुद्ध काम करू लागते, कारण लगेच सुकणे म्हणजेच शरीरातली उष्णता लगेच ओढून घेणे. लोकर सावकाश सुकते, म्हणून ती सावकाश गार करते. ओलावा तंतूच्या आत असल्यामुळे कातडीला चिकटलेले गार फडके वाटत नाही. म्हणून सायकलच्या कपड्याची परीक्षा चढावर करू नये असे माझे ठाम मत आहे. चढावर सगळेच कपडे सारखे भिजतात. फरक उतारावर कळतो.

उतारावरची थंडी किती गंभीर असते, याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इटलीतल्या १९८८ च्या जिरो दितालिया शर्यतीतला गाविया खिंडीचा दिवस. ५ जूनला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्या खिंडीत बर्फ पडत होते. नेदरलँड्सचा योहान फान डेर फेल्डे खिंडीच्या माथ्यावर सर्वांत पुढे होता, आखूड बाह्यांच्या जर्सीत. उतारावर तो इतका गारठला की त्याला थांबावे लागले आणि तो पाऊण तासाच्या आसपास मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने आधीच हवेचा अंदाज घेऊन गरम कपडे जमवून ठेवले होते. तो टिकला, त्या संध्याकाळी आघाडीची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली आणि शेवटी ती शर्यत त्यानेच जिंकली. पसरणीत बर्फ पडत नाही हे खरेच. पण घामाने भिजलेले अंग आणि अचानक वाढलेला वारा ही जोडी इथेही तीच असते.

मग इतकी गुणी लोकर शर्यतीतून गेली कशी? तिचे दोष खरे होते, ते लपवण्यात अर्थ नाही. जुन्या जाड विणीची जर्सी पावसात पाणी धरून जड होई आणि पाठीच्या खिशांत खाणे भरले की ती लोंबत खाली येई. लोकरीच्या शॉर्ट्सची अवस्था आणखी बिकट होती: आत कमावलेल्या कातड्याचा तुकडा शिवलेला असे, तो धुतला की कडक होई आणि त्याला मऊ करण्यासाठी मलम चोपडावे लागे. १९७७ च्या सुमारास इटलीच्या कास्तेली कंपनीने लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम कापडाची शॉर्ट्स आणली आणि लोकरीची शॉर्ट्स मागे पडली. शॉर्ट्सच्या बाबतीत लायक्रा न्यायानेच जिंकली. तिथे लोकरीचा आग्रह मी कधी धरणार नाही.

जर्सीचे मात्र वेगळे झाले. लोकरीवर अक्षरे काढायची तर साखळी टाक्याने भरावी लागत किंवा कापडाची कापलेली अक्षरे चिकटवावी लागत. त्यामुळे मोल्तेनी, फाएमा, बियान्की या जुन्या संघांच्या जर्सीवर एका रंगाचा पट्टा आणि त्यावर एकच नाव एवढेच असे. पुरस्कर्ते वाढले, प्रत्येकाला छातीवर, खांद्यावर, कुशीवर जागा हवी झाली आणि उष्णतेने रंग थेट तंतूत उतरवणारी छपाई आली. ही छपाई पॉलिएस्टरवर बसते. त्या तापमानाला लोकर पिवळी पडते आणि तो रंगही तिला धरत नाही. शिवाय अंगाला घट्ट बसणारे चकचकीत कापड वाऱ्याला कमी अडवते आणि शर्यतीत सेकंदांचा हिशेब असतो. म्हणजे लोकर गेली ती जाहिरात आणि वेग या दोन गोष्टींपायी. कातडीच्या सोयीचा मुद्दा, जो बोबेने मांडला होता, त्या निर्णयात फारसा कोणी विचारलाच नाही. आणि आपण जे रविवारी सकाळी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आनंदासाठी घाट चढतो, त्यांच्यावर ना पुरस्कर्त्याचे बंधन असते ना सेकंदांचे; तरी वर्षानुवर्षे आपण शर्यतवाल्यांचाच गणवेश घालत आलो.

हे चित्र बदलायला दोन गोष्टी कारण झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात दुहेरी विणीचे एक कापड विकसित केले: आतून, कातडीच्या बाजूने, बारीक मेरिनो आणि बाहेरून पॉलिएस्टर. त्याचे नाव स्पोर्टवूल. आतली लोकर वाफ घेते, बाहेरचा थर ती पसरवतो आणि कापडाचा आकार राखतो, त्यामुळे खिसे लोंबत नाहीत. दुसरी गोष्ट घडली लंडनमध्ये. २००४ मध्ये सायमन मॉट्रम यांनी राफा ही कंपनी सुरू केली आणि पहिली जर्सी याच कापडाची काढली: काळी, डाव्या बाहीवर एकच पांढरा पट्टा, बाकी काही नाही. छापील जाहिरातींनी गजबजलेल्या जर्सींच्या त्या काळात तिचे साधेपण लोकांच्या नजरेत भरले. पुढे ऑडॅक्सच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या, लांब पल्ल्यांसाठी त्यांनी ब्रेव्हे नावाची मेरिनोमिश्रित जर्सी आणली, तिच्यावर रात्री चमकणारे परावर्तक पट्टे होते. स्लोव्हाकियाच्या वेलित्स या जुळ्या भावांनी, जे स्वतः व्यावसायिक सायकलपटू होते, इझाडोर ही कंपनी काढली तेव्हा त्यांनीही मेरिनोलाच हात घातला. व्यावसायिक शर्यतीत वर्षे काढलेली माणसे स्वतःच्या नावाचा कपडा करायला बसली की लोकरीकडे वळतात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि इथेच मला या विषयातली सर्वांत सुंदर बाब दिसते. आज ज्याला आपण देखणे म्हणतो, तो गडद एकरंगी पृष्ठभाग, बाहीवरचा एखादा विणलेला पट्टा, खिशावरचे लहानसे भरतकाम, हे सारे लोकरीच्या मर्यादेतून आलेले आहे. तिच्यावर चित्र छापता येत नाही, म्हणून शिंप्याला बेतण्यावर, कॉलरच्या उंचीवर, खांद्याच्या शिवणीवर आणि रंगाच्या खोलीवर कष्ट घ्यावे लागतात. रंग मात्र लोकर मनापासून पिते. तिच्यातला गडद निळा किंवा डाळिंबी रंग पॉलिएस्टरच्या चमकेत सापडत नाही. सायकलवरून उतरून त्याच कपड्यांत एखाद्या जुन्या हॉटेलात मिसळ खायला बसले तरी माणूस शर्यतीतून चुकून आत आल्यासारखा दिसत नाही. ज्यांना हे महत्त्वाचे वाटत नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण मला ते महत्त्वाचे वाटते. सायकल ही रस्त्यावरची सर्वांत देखणी वस्तू आहे आणि तिच्यावर बसणाऱ्याने तिला शोभेल असे बसावे.

इटलीतल्या तोस्कानात, गायोले इन किआंती या गावी १९९७ पासून लेरोइका नावाचा सोहळा भरतो. १९८७ च्या आधीच्या सायकली आणि जुन्या घडणीच्या लोकरी जर्सी घालून लोक पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून दिवसभर फिरतात. त्याची छायाचित्रे पाहताना लक्षात येते की चिखल उडालेली, ताणलेली, कोपरावर रफू केलेली लोकर म्हातारी होत गेली तरी बरी दिसते.

लोकर आणि ऊन-पाऊस यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीची घोंगडी धनगर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. सणगर विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ती खड्डामागावर विणतात. ही लोकर अंगालगत सहन होणार नाही इतकी जाड असते, पण पाऊस झेलायला आणि उघड्या माळावर रात्र काढायला तीच जाडी उपयोगी पडते. मेरिनो आणि दख्खनी ही एकाच तंतूची दोन टोके आहेत. उन्हात खांद्यावर आणि पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन चालणारा मेंढपाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लोकर फक्त थंडीची असते हे सांगणे खरे तर अवघड जायला हवे.

उन्हाचा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर किंवा मुंबईच्या दमट हवेत तासाभराची जोरदार रपेट करायची असेल तर जाळीदार पातळ पॉलिएस्टर पुरेसे आहे, लोकरीवर खर्च करू नये. लोकरीचे काम सुरू होते ते तास वाढले, रात्र मध्ये आली किंवा कपडे धुवायची सोय नसली म्हणजे. बीआरएम या ऑडॅक्स प्रकारच्या राइड्स हे तिचे खरे क्षेत्र. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास अशी मुदत असते. पुण्याहून साताऱ्यामार्गे कोल्हापूरकडे जाणारी अशी राइड थंडीत असली तर पहाटे कात्रजला काकडायचे, दुपारी कराडजवळ भाजून निघायचे आणि परतताना रात्री खंबाटकीत पुन्हा गारठायचे हे ठरलेलेच. चोवीस तासांत तीन ऋतू अंगावरून जातात आणि सीटखालच्या पिशवीत फार कपडे मावत नाहीत. अशा वेळी पातळ मेरिनोचा एक आतला थर दिवसभर अंगावर ठेवता येतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

ज्यांचे ध्येय पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे त्यांना तर हे आधीच शिकून घ्यावे लागते. १८९१ मध्ये सुरू झालेली ही राइड आता चार वर्षांतून एकदा ऑगस्टमध्ये होते. अंतर १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त मुदत नव्वद तास. भारतातून, आणि त्यातही महाराष्ट्रातून, तिथे जाणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे. दिवसा ऊन लागते, म्हणून आपली माणसे पुण्या-मुंबईच्या हिशेबाने कपडे नेतात. पहाटेच्या आधी ब्रिटनीच्या टेकड्यांवर पारा एक आकड्यात उतरतो आणि दोन रात्री नीट न झोपलेले शरीर उष्णता तयार करायलाच राजी नसते. हा ब्रिटनी प्रांत म्हणजेच बोबेचे गाव, त्याचा मुलूख. लोकरीविषयीचे त्याचे मत त्या हवेत तयार झाले असेल तर नवल नाही.

वासाविषयी बोलायला लोक संकोचतात, पण कोकणातून सागरी मार्गाने गोव्याला सायकलवर जाणाऱ्याला तो प्रश्न दुसऱ्याच दिवशी भेटतो. पॉलिएस्टरला तेलाची ओढ असते. अंगावरचे तेल त्याला चिकटून राहते, त्यावर जंतू पोसले जातात आणि धुतल्यावरही वास मागे उरतो. लोकर ओलाव्याबरोबर वासाचे घटकही तंतूच्या आत धरून ठेवते आणि धुताना सोडते. दोन जर्सींवर आठवडाभराचा प्रवास त्यामुळे जमतो: रात्री लॉजच्या बादलीत गार पाण्याने हलक्या हाताने धुवायची, पिळायची नाही, पंच्यात गुंडाळून दाबायची आणि पंख्याखाली सपाट पसरायची. दमट हवेत सकाळपर्यंत ती पूर्ण सुकत नाही, पण किंचित ओलसर लोकर अंगात घालता येते.

मेरिनो महाग आहे, आणि किमतीबरोबर जबाबदारीही येते. ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्यांपासून वाचवण्यासाठी मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे. ती क्रूर आहे असे मला वाटते. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ही पद्धत न वापरता मिळवलेली लोकर असल्याची खात्री कपड्याच्या चिठ्ठीवर असेल तरच मी तो घेतो आणि इतरांनीही तसे विचारावे अशी माझी विनंती आहे. यंत्रात धुता यावी म्हणून लोकरीवर बहुधा क्लोरीनची प्रक्रिया करून राळेचा लेप देतात. हाताने धुवायची तयारी असेल तर त्या प्रक्रियेवाचूनची लोकर मिळते का तेही पाहावे. कसर लागू नये म्हणून कपडा स्वच्छ धुऊन, बंद पिशवीत, वेखंड किंवा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याबरोबर ठेवावा. आपल्या आज्या शालींसाठी हेच करत. काखेत आणि सीटच्या घर्षणाने पाठीला गोळे येतात, ते उपटू नयेत, कापावेत. भोक पडले तर रफू करावे; लोकरीचे रफू बसते तसे पॉलिएस्टरचे बसत नाही.

नव्याने सुरुवात करणारे मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी जर्सी घ्यायला सांगत नाही. पहिल्यांदा दीडशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा), बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा, अंगाला नीट बसणारा मेरिनोचा आतला थर घ्यावा आणि तो आहे त्याच जर्सीखाली घालावा, कारण कातडीला लागणारा थर लोकरीचा झाला की तिचा निम्म्याहून अधिक फायदा तेवढ्यातच पदरात पडतो. त्यानंतर हातांचे वॉर्मर आणि मोजे घ्यावेत. पाच-सहा महिने हे वापरून, एक पावसाळा आणि एक थंडी पाहून, मगच जर्सीकडे वळावे. आणि तेव्हा एकच घ्यावी, गडद रंगाची, ज्या रंगाचा कंटाळा येणार नाही अशी.